उदाहरण मोडेपर्यंत ताणून पाहावे : तर्क आणि नीती रोजच्या व्यवहारातून शिकण्याची एक रीत

दिवाळीनंतर कोल्हापुरातून पन्हाळ्याच्या किंवा राधानगरीच्या रस्त्याला लागले की उसाच्या फडांमागून कुठेतरी धुराचा लोट वर चढताना दिसतो, आणि गाडीतले कोणीतरी सहज म्हणते, "गुऱ्हाळ चालू झालेलं दिसतंय." हे म्हणणाऱ्याला गुऱ्हाळ दिसलेले नसते. चुलवाण, काहील, उकळणारा रस यांपैकी काहीही त्याच्या डोळ्यांसमोर नसते. त्याने फक्त धूर पाहिलेला असतो आणि त्यावरून न दिसणाऱ्या वस्तूविषयी विधान केलेले असते. या क्रियेला अनुमान म्हणतात. न्यायदर्शनाच्या, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनाच्या, परंपरेत शतकानुशतके शिकवले गेलेले ठरलेले उदाहरणही हेच आहे : डोंगरावर धूर आहे, म्हणून तिथे अग्नी आहे.

मी काही वर्षांपासून संध्याकाळी चार-सहा विद्यार्थ्यांबरोबर तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र वाचत बसतो. त्यांच्यातील बहुतेक जण स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे असतात आणि येतानाच पुष्कळ व्याख्या पाठ करून येतात. "व्याप्ती म्हणजे हेतू आणि साध्य यांचे नियत साहचर्य" (म्हणजे कारण म्हणून दिलेली खूण आणि सिद्ध करायची गोष्ट नेहमी बरोबर असणे) हे वाक्य ते न अडखळता म्हणतात. पण वरचा धूर पाहून गुऱ्हाळ सिद्ध होते का, असे विचारले की गप्प होतात. यात त्यांच्या बुद्धीचा दोष नाही. आपण उदाहरणाकडे व्याख्येच्या शेपटासारखे पाहायला शिकलेलो आहोत : आधी व्याख्या, मग "उदाहरणार्थ" म्हणून एक ओळ, आणि लगेच पुढचा मुद्दा. माझा अनुभव असा की हा क्रम उलटा करावा लागतो. आपण रोज करतो तोच एखादा निष्कर्ष आधी घ्यावा, तो सावकाश उलगडावा, आणि मग तो कुठे मोडतो हे सापडेपर्यंत ताणत राहावे. ज्या ठिकाणी उदाहरण मोडते, त्या ठिकाणी संकल्पना हाती लागते. ही रीत कशी वापरायची ते पुढे सविस्तर लिहीत आहे.

धुरापासून सुरुवात

एका वहीत ते वाक्य लिहून घ्यावे आणि न्यायदर्शनाने सांगितलेल्या पाच अवयवांत ते मांडावे. तिथे गुऱ्हाळ चालू आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर आहे, हा हेतू. जिथे जिथे धूर असतो तिथे तिथे गुऱ्हाळ असते, जसे मागच्या वर्षी वळणाजवळच्या मळ्यात होते, हे उदाहरण. इथेही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून इथे गुऱ्हाळ चालू आहे, हे निगमन. पहिल्या आणि शेवटच्या वाक्यात शब्द जवळजवळ तेच आहेत, म्हणून अनेकांना ही पुनरुक्ती वाटते. परंतु प्रतिज्ञा ही अजून सिद्ध व्हायची असते आणि निगमन हे सिद्ध झाल्याचा दावा असतो, एवढे अंतर त्या दोन वाक्यांमध्ये आहे. ॲरिस्टॉटलच्या तीन विधानांच्या रचनेत उदाहरणाला स्वतंत्र जागा नाही, तर न्यायाने ते युक्तिवादाचे अंगच मानले आणि अग्नीसाठी उदाहरण घेतले तेही स्वयंपाकघरातल्या चुलीचे. आपल्या पूर्वसूरींनी तर्कशास्त्र स्वयंपाकघरापासून सुरू केले याचे मला नेहमी समाधान वाटते.

तिसऱ्या अवयवाशी आल्यावर थांबावे, कारण गाडीतल्या माणसाने हे वाक्य उच्चारलेच नव्हते. ते त्याने गृहीत धरले होते. ते लिहून काढताच ते मोडू लागते : तोडणी झालेल्या रानात पाचट पेटवले तरी धूर होतो, वीटभट्टीचाही धूर होतो, आणि तिथे गुऱ्हाळ नसते. म्हणजे धुरावरून अग्नी म्हणणे योग्य होते, पण अग्नीवरून गुऱ्हाळापर्यंतची उडी हेतूला पेलणारी नव्हती. जो हेतू साध्य असते तिथेही आढळतो आणि साध्य नसते तिथेही आढळतो, त्याला सव्यभिचार म्हणतात. हा शब्द आता पाठ करावा लागत नाही. पाचटाचा धूर आठवला की तो आठवतो.

आणखी ताणून पाहू. डिसेंबरातल्या पहाटे पंचगंगेच्या काठाने जाताना शेतावर जे पांढुरके तरंगत असते, ते धूर नसून धुके असते. त्यावरून कोणी अग्नीचे अनुमान केले, तर इथे व्याप्तीत चूक नाही. जिथे धूर तिथे अग्नी हे खरेच आहे. चूक अशी की हेतूच जागेवर नाही. हा असिद्ध हेतू. दोन चुका एकाच निष्कर्षाला पाडतात, पण त्या निराळ्या आहेत, आणि त्यांची दुरुस्तीही निराळी आहे : पहिल्या चुकीसाठी नियम तपासावा लागतो, दुसरीसाठी डोळे.

आता वाक्य उलटे करावे. जिथे अग्नी तिथे धूर असतो काय? नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, इथे तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्याचे उदाहरण दिले आहे : त्यात अग्नी आहे, धूर नाही. गुऱ्हाळावर थोडा वेळ उभे राहिले तर हेच अधिक स्पष्ट दिसते. चुलवाणात सारलेले चिपाड खडखडीत वाळलेले असेल तर जाळ मोठा आणि धूर विरळ असतो. अवकाळी पावसात चिपाड भिजले असेल तर धूर डोळ्यांत जातो. म्हणजे धुराला कारण नुसता अग्नी नव्हता, अग्नीबरोबर इंधनाचा ओलावाही होता. अशा लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात. तर्कशास्त्रातील ही मला सर्वांत उपयोगी वाटलेली संकल्पना आहे, कारण घरातल्या आणि गावातल्या अर्ध्याअधिक वादांत दोन्ही पक्षांनी तीच पाहिलेली नसते. "इंग्रजी माध्यमाची मुलं हुशार निघतात" असे म्हणणाऱ्याने त्या घरांतील पुस्तके, शिकवणीचे पैसे आणि शिकलेले आईवडील हे ओले इंधन हिशेबात घेतलेले नसते.

वही कशी ठेवावी

रोज एकच वाक्य लिहावे, आणि ते आपण खरोखर ऐकलेले किंवा स्वतः बोललेले असावे. वर्तमानपत्रातील अग्रलेखापासून सुरुवात करू नये. त्यात एकाच परिच्छेदात आठ-दहा निष्कर्ष एकमेकांत विणलेले असतात आणि नवशिका गोंधळतो. केएमटीच्या (शहर बसच्या) थांब्यावर, दूध कट्ट्यावर, घरी जेवताना ऐकलेले "म्हणून", "कारण", "त्यामुळे" किंवा "अर्थात" असलेले वाक्य पुरते. त्याच्याखाली तीन ओळी लिहाव्यात : दावा काय, दिलेले कारण काय, आणि न बोललेला नियम काय. तिसरी ओळ लिहिताना प्रामाणिक राहावे. समोरच्याला मूर्ख ठरवणारा नियम त्याच्या तोंडी घालणे सोपे असते. त्याच्या बोलण्याला अर्थ येईल असा सर्वांत सौम्य आणि सर्वांत बळकट नियम शोधणे हा खरा अभ्यास आहे. त्यानंतर तो नियम मोडणारे एक तरी प्रत्यक्ष पाहिलेले उदाहरण शोधावे. सापडले नाही तर नोंद अपुरी ठेवून पुढे जावे. माझ्या वहीत अशा कित्येक नोंदी अपुऱ्या आहेत.

एक नोंद पुरी करून दाखवतो. मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघतात तेव्हा रव्याचा (गुळाच्या ढेपेचा) रंग पाहून दर ठरतो, आणि घरी गूळ घेणारेही बहुधा म्हणतात, "गूळ कसा पिवळाधमक आहे, म्हणजे चांगला आहे." न बोललेला नियम : जो गूळ पिवळा तो चांगला. हा नियम मोडायला वेळ लागत नाही, कारण रंग उजळवण्यासाठी काही ठिकाणी हायड्रॉस नावाची गंधकयुक्त रासायनिक भुकटी वापरली जाते, हे आता बहुतेक गिऱ्हाइकांना ठाऊक आहे. इथपर्यंत सर्व विद्यार्थी आनंदाने येतात. त्यानंतर ते लगेच उलटा नियम स्वीकारतात : काळसर गूळ तो निर्भेळ. ही माझ्या मते शिकणाऱ्याची सर्वांत मोठी चूक आहे. एक नियम मोडला म्हणून त्याच्या उलटा नियम सिद्ध होत नाही. रस काहिलीत करपला तरी गूळ काळा होतो. पावसाळ्यात साठवणीत राहिला तरी रंग उतरतो. उसाची जात आणि जमीन यांनीही रंगात फरक पडतो. दुसरा नियमही पहिल्याइतकाच मोडका असतो, फक्त तो नवा असल्यामुळे खरा वाटतो.

याच गुळावर युक्तिवादाचा आकार आणि त्यातील विधानांची सत्यता यांतील भेद शिकता येतो. एक जण म्हणतो : हायड्रॉस घातले तर गूळ पिवळा होतो, हा गूळ पिवळा आहे, म्हणून यात हायड्रॉस आहे. हा युक्तिवाद आकारानेच अवैध आहे, कारण उत्तरांग ("तर"नंतरचा भाग) खरे असल्यावरून पूर्वांग ("तर"च्या आधीचा भाग) खरे ठरत नाही. चांगल्या उसाचा, मळी नीट काढून शिजवलेला गूळही सोनेरी उतरतो. दुसरा म्हणतो : हायड्रॉस घातले तर गूळ पिवळा होतो, हा गूळ पिवळा नाही, म्हणून यात हायड्रॉस नाही. हा आकार वैध आहे. आधारविधाने खरी असतील तर निष्कर्ष खरा असलाच पाहिजे. परंतु पहिले आधारविधान खरे आहे काय? भुकटी घातलेला गूळ पुढे साठवणीत काळवंडला असेल तर ते कोसळते. वैध युक्तिवाद आपल्याला सत्य देत नाही. तो फक्त एवढे सांगतो की निष्कर्ष खोटा निघाला तर आधारविधानांपैकी एखादे खोटे असले पाहिजे. गृहिणीने रव्याचा तुकडा मोडून चव घेणे हे प्रत्यक्ष प्रमाण आहे, आणि रसायनाच्या बाबतीत तेही पुरेसे नाही. तिथे प्रयोगशाळेच्या अहवालावर, म्हणजे शब्दप्रमाणावर (जाणकाराच्या सांगण्यावर) अवलंबून राहावे लागते. त्या अहवालावर विश्वास का ठेवावा, हा प्रश्न मग वहीच्या पुढच्या पानावर जातो.

विगमनाविषयी, म्हणजे काही प्रसंगांवरून सर्वसाधारण नियम काढण्याविषयी, इथे थोडक्यात लिहितो, कारण मराठी म्हणींनी हे काम आधीच केले आहे. "शितावरून भाताची परीक्षा" ही म्हण नमुन्यावरून समग्राचे अनुमान सांगते, आणि ती खरी का ठरते हे विचारले की तिची मर्यादाही कळते : एका पातेल्यातील सगळी शिते एकाच पाण्यात, एकाच आचेवर, तेवढाच वेळ शिजलेली असतात. गावातली माणसे तशी एका आचेवर शिजलेली नसतात, म्हणून एका माणसावरून गावाची परीक्षा करता येत नाही. "कावळा बसायला आणि फांदी तुटायला" ही दुसरी म्हण, एकापाठोपाठ एक घडलेल्या गोष्टींना कारण आणि कार्य समजण्याच्या चुकीविषयी आहे. तांबडा रस्सा प्यायल्यावर चार दिवसांनी सर्दी गेली, तर रश्श्याशिवायही ती चार दिवसांनी गेली नसती काय, हे विचारावे. जिथे कारण तिथे कार्य हा अन्वय झाला. जिथे कारण नाही तिथे कार्य नाही हा व्यतिरेक. आपण अन्वय मोजतो आणि व्यतिरेक पाहायचे विसरतो.

पंचगंगेची पातळी

कोल्हापूरकराला पावसाळ्यात दोन आकडे कोणी शिकवावे लागत नाहीत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आहे आणि धोका पातळी ४३ फूट आहे. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी उठल्यावर लोक आधी हा आकडा पाहतात. याच आकड्यांवर तत्त्वज्ञानातील तीन वेगवेगळे प्रश्न शिकता येतात, आणि मी विद्यार्थ्यांबरोबर सर्वांत जास्त वेळ इथे घालवतो.

पहिला प्रश्न कारणाचा. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की नदी वाढते, असे आपण म्हणतो. अन्वय आहे, दरवाजे उघडल्याच्या बातमीनंतर पाणी वाढलेले आपण अनेकदा पाहिले आहे. परंतु ते दरवाजे पाण्याची ठरलेली पातळी आली की आपोआप उघडतात, म्हणजे ज्या पावसाने धरण भरले तोच पाऊस धरणाखालच्या पाणलोटात आणि कासारी, कुंभी, तुळशी या नद्यांच्या खोऱ्यांतही पडत असतो. दोन्ही घटनांना एक समान कारण आहे. म्हणून दरवाजे निर्दोष ठरतात काय? नाही, कारण त्यांतून आलेले पाणी नदीत मिळतेच. इथे "कारण" हा शब्द एकच असला तरी त्याखाली "किती", "केव्हा" आणि "त्याशिवाय काय झाले असते" असे तीन प्रश्न आहेत. विद्यार्थ्याने ते वेगळे केले की पुराच्या दिवसांतील निम्मे भांडण आपोआप मोजता येण्याजोगे होते. उरलेले निम्मे जबाबदारीचे असते आणि ते मोजमापाने सुटत नाही.

दुसरा प्रश्न सीमारेषेचा. ४३ फुटांना धोका आहे. ४२ फूट ११ इंचांना नाही काय? एका इंचाने धोका निर्माण होत नाही, असे मान्य केले तर ४२ फूट १० इंचांनाही तेच लागू होते, आणि असे इंचाइंचाने खाली उतरत गेल्यास कोरड्या पात्रालाही धोका आहे असे म्हणावे लागेल. उलट दिशेने वर चढत गेल्यास २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले तेव्हाही धोका नव्हता असे म्हणावे लागेल. प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ युबुलिडीसच्या नावाने ओळखला जाणारा ढिगाचा विरोधाभास तो हाच : धान्याचा एक दाणा काढल्याने ढीग नाहीसा होत नाही, तर मग ढीग नाहीसा होतो केव्हा? विद्यार्थी बहुधा दोनपैकी एका टोकाला जातात. काहींना वाटते की रेषा काढणे ही फसवणूक आहे, काहींना वाटते की रेषा निसर्गातच आहे. मला दोन्ही मते चूक वाटतात. धोका हा शब्द मुळातच कडा नसलेला आहे, आणि तरीही कोणीतरी आकडा ठरवला नाही तर प्रत्येक घर आपापल्या आशेप्रमाणे थांबत राहते. आकडा निसर्गाने दिलेला नसला तरी तो मनमानीही नसतो : नदी कोणत्या उंचीला कोणत्या वस्तीत शिरते याचा अनुभव त्यामागे असतो. वय, उत्पन्नाची मर्यादा, उत्तीर्ण होण्याचे गुण या सगळ्या रेषा याच जातीच्या आहेत. रेषेच्या अलीकडे-पलीकडे एका इंचावर उभ्या असलेल्या दोन माणसांना ती अन्यायाची वाटेल, हे मान्य करूनही ती काढावी लागते. आणि काढणाऱ्याने कडेच्या माणसाचे म्हणणे ऐकण्याची सोय ठेवावी लागते.

तिसरा प्रश्न आपल्याला तर्काकडून नीतीकडे नेतो. "पाणी ४३ फुटांवर गेलंय, आता घर सोडा." पहिला भाग वस्तुस्थिती आहे, दुसरा कर्तव्य. वहीत तीन ओळी लिहायला बसले की लक्षात येते की न बोललेला नियम या वेळी वेगळ्या जातीचा आहे. पाण्याविषयी कितीही अचूक माहिती गोळा केली तरी त्यातून "सोडा" हा शब्द बाहेर पडत नाही. मध्ये "जीव मालमत्तेपेक्षा मोलाचा मानावा" असे एखादे मूल्यविधान घालावेच लागते. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७३९-४० मध्ये या उडीकडे लक्ष वेधले : लेखक "आहे" म्हणता म्हणता नकळत "पाहिजे" म्हणू लागतात आणि हा बदल कसा झाला ते सांगत नाहीत. गोठ्यात दोन म्हशी बांधलेली आजी जेव्हा बोटीत बसायला नकार देते, तेव्हा ती पाण्याविषयी अज्ञानी नसते. तिचे मूल्यविधान वेगळे असते : माझ्यावर अवलंबून असलेल्या मुक्या जीवांना सोडून मी जाणार नाही. तिला पातळीचा आकडा पुन्हा पुन्हा सांगून काही होत नाही, कारण वाद आकड्याचा नाहीच. म्हशींची सोय कुठे होईल हे सांगणारा तरुण तिच्या युक्तिवादाला उत्तर देत असतो.

नीतीचा प्रसंग एकेक तपशील बदलून पाहावा

परिणाम पाहणारा, नियम पाहणारा आणि स्वभाव पाहणारा असे नीतिशास्त्राचे तीन सिद्धांत वाचताना तिन्ही पटतात आणि प्रसंगात तिन्ही भांडतात. म्हणून प्रसंगापासूनच सुरुवात करावी. एक कल्पित प्रसंग घेऊ. पुरात वेढलेल्या गावात एका तरुणाकडे नाव आहे. पहिल्या खेपेला त्याने एका वृद्ध दांपत्याला शब्द दिला आहे की पुढच्या खेपेला आधी तुम्हाला नेईन. परत येताना त्याला दुसऱ्या गल्लीत पाच माणसे छपरावर अडकलेली दिसतात. नावेत पाचच जण मावतात, आणि अंधार पडत आला आहे.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलच्या मार्गाने जाणारा विचारेल, एकंदर कल्याण कशाने वाढते. पाच जीव दोनांपेक्षा अधिक आहेत. जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांटने १७८५ मध्ये मांडलेली कसोटी वेगळा प्रश्न विचारते : "अडचण आली की दिलेला शब्द मोडावा" हा नियम सर्वांनी पाळायचा ठरवला तर शब्द देणे या गोष्टीला अर्थ उरेल काय? ॲरिस्टॉटल या दोहोंपेक्षा निराळे पाहतो. या तरुणाचा स्वभाव कसा घडला आहे, भीती आणि अविचार यांच्या मधले धैर्य त्याला साधले आहे काय, हा त्याचा प्रश्न. (पुलावरून पुराच्या पाण्यात उडी घेणाऱ्याला आपण धाडसी म्हणतो, पण ज्यातून कोणाचे काही वाचत नाही ते ॲरिस्टॉटलच्या अर्थाने धैर्य नव्हे.)

आता एकाच वेळी एकच तपशील बदलावा. वृद्धांचे घर उंचावर आहे आणि त्यांना रात्रभर धोका नाही : उत्तर बदलले काय? पाच जणांना आधीच बाहेर पडण्याची सूचना मिळाली होती आणि त्यांनी ती मानली नव्हती : आता? वृद्धांनी त्या शब्दावर विसंबून दुसरी नाव परत पाठवली होती : आता? त्या पाचांत तुमचा भाऊ आहे : आता? प्रत्येक बदलानंतर उत्तर आणि त्याचे कारण लिहावे. जिथे उत्तर बदलते तिथे आपल्या मनातील खरा नियम उघडा पडतो, आणि तो बहुधा आपण सांगत आलेल्या नियमापेक्षा वेगळा निघतो. दुसरी नाव परत पाठवल्याचा तपशील घातला की संख्येचा हिशेब करणारे माझे बहुतेक विद्यार्थी थांबतात. त्यांना कळते की शब्द देणे म्हणजे फक्त बोलणे नसून दुसऱ्याला आपल्या भरवशावर वागायला लावणे आहे, आणि म्हणून तो मोडणे हे नुसते खोटे बोलण्यापेक्षा वेगळे असते.

माझे स्वतःचे मत विचारले तर वृद्ध सुरक्षित असताना पाच जणांना आधी नेणे योग्य आहे असे मी म्हणेन. परंतु तसे केल्यावर त्या दांपत्याचे काही देणे लागत नाही, असे मी म्हणणार नाही. योग्य कारणासाठी मोडलेला शब्दही मोडलेलाच असतो. त्या तरुणाने ओरडून का होईना, त्यांना कळवले पाहिजे, आणि नंतर जाऊन भेटले पाहिजे.

शाहू महाराजांच्या तबेल्यातील हरभरे

उपमेवरून केलेला युक्तिवाद कसा तपासावा, यासाठी कोल्हापुरात सर्वत्र सांगितल्या जाणाऱ्या एका आख्यायिकेइतके चांगले साहित्य मला सापडलेले नाही. छत्रपती शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी हुकूम काढून संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांतून भरण्याचे ठरवले. त्यावर सांगलीच्या एका वकिलांनी आक्षेप घेतला की जागा योग्यता पाहून द्याव्यात. महाराज त्यांना घोड्यांच्या पागेत घेऊन गेले, असे सांगतात. वेगवेगळ्या तोबऱ्यांतून दिले जाणारे हरभरे त्यांनी एकाच ठिकाणी पसरायला लावले. धट्टीकट्टी घोडी तुटून पडली, आणि अशक्त घोडी व शिंगरे मागे उभी राहिली.

ही गोष्ट ऐकून होकारार्थी मान हलवणे म्हणजे ती समजणे नव्हे. तिचा गाभा वेगळा काढावा : सर्वांना एकच नियम लावल्याने सर्वांना समान वागणूक मिळते, हे विधान ती खोडते. तेवढ्यापुरती उपमा पूर्ण बसते. मग ती ताणावी. हरभरे खाणाऱ्याच्या पोटात जातात. सरकारी जागेवर बसणाऱ्याच्या हातून मात्र इतरांची कामे व्हायची असतात. इथे उपमा अपुरी पडते, आणि योग्यतेचा आक्षेप घेणाऱ्याचे म्हणणे नेमके इथेच आहे हे मान्य केले पाहिजे. पण अजून ताणली की ती दुसऱ्या ठिकाणी मोडते, आणि ते ठिकाण मला अधिक महत्त्वाचे वाटते. शिंगरू लहान असते ते निसर्गाने. शाळेची पायरी पिढ्यान्पिढ्या ज्याला चढू दिली नाही तो माणूस निसर्गाने अशक्त झालेला नसतो. माणसांतील दुर्बलता घडवलेली असते, म्हणून ती दूर करण्याचे कर्तव्य निर्माण होते, आणि म्हणून नुसती जागा राखून भागत नाही. १९०१ पासून कोल्हापुरात उभी राहिलेली विद्यार्थी वसतिगृहे आणि १९१७ चा मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम हे त्याच विचाराचे दुसरे अंग आहे. योग्यतेच्या आक्षेपाला खरे उत्तर त्या वसतिगृहांत आहे. पागेत त्याची फक्त सुरुवात दिसते. उपमा मोडल्यावर शाहू महाराजांचा विचार लहान होत नाही, तो आणखी स्पष्ट दिसतो.

दुसऱ्याबरोबर अभ्यास करताना

वही एकट्याने लिहावी, पण महिन्यातून दोनदा तरी ती कोणासमोर वाचावी. न्यायदर्शनाने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : सत्य जाणण्यासाठी केलेला वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प, आणि स्वतःचे मत न मांडता फक्त दुसऱ्याचे खोडणारी वितंडा. मराठीत "वितंडवाद" हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो, तरी त्यातील "स्वतःचे मत न मांडता" ही मूळ अट विसरलो आहोत. आमच्या बैठकीत एक नियम आहे : समोरच्याचे मत, म्हणजे पूर्वपक्ष, आपल्या शब्दांत अशा रीतीने मांडायचा की तो स्वतःच म्हणेल, "भावा, मला हेच म्हणायचं होतं." तोपर्यंत उत्तर द्यायचे नाही. सुरुवातीला यात अर्धा तास जातो आणि उत्तराला वेळच उरत नाही. ते चालते.

सुरुवात कशाने करावी हे सुचत नसेल तर माझ्या वहीतील एक अपुरी नोंद देतो. वडिलांची कोल्हापुरी चप्पल मी गेली अनेक वर्षे वापरतो. आधी तिचा तळ बदलला, नंतर पट्टे बदलले, आणि गेल्या वर्षी अंगठाही नवा लावला. कारागिराला विचारले, "ही तीच चप्पल का?" तो म्हणाला, "तीच. म्हणून तर दुरुस्तीचे पैसे घेतले, नव्या चपलेचे नाहीत." मी त्याला सांगितले की जुने चामडे मी फेकलेले नाही, घरी पिशवीत ठेवले आहे. त्याने काम थांबवले आणि विचारले, "मग ते आणून मी जोडून दिलं, तर तुमच्या वडिलांची कोणती?"